दुसऱ्याच्या वावरातलं ढोर

१८७१ साली इंग्रज सरकारने गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. त्यात तेव्हा दंडाचा एक तक्ता होता. दुसऱ्याच्या शेतात शिरून कोंडवाड्यात आलेल्या हत्तीला दोन रुपये, उंटाला किंवा म्हशीला आठ आणे, घोडा, बैल, गाय यांना चार आणे, वासरू, गाढव, डुक्कर यांना दोन आणे आणि शेळी-मेंढीला एक आणा. आमचं अचलपूर तेव्हा सरकारी कागदात एलिचपूर होतं. वऱ्हाड नावाला निजामाचा आणि १८५३ पासून कारभाराला इंग्रजांचा, त्यामुळे हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत, वेगळ्या अधिसूचनेने आणावे लागत. त्या काळी सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या कास्तकाराला तक्त्यातला हत्ती वाचून हसू आलं असतं की नाही कोण जाणे. मेळघाटात कोलकासला वनखात्याचे हत्ती बरीच वर्षं पर्यटकांना पाठीवर घेऊन हिंडत आले आहेत.

तक्त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की हा दंड ज्याचं पीक गेलं त्याला मिळत नाही. ढोर कोंडवाड्यात गेलं, मालकाने दंड आणि वैरण-पाण्याचा खर्च भरून सोडवून नेलं, पैसा सरकारात किंवा ग्रामपंचायतीत जमा झाला. हरभऱ्याचं रान झालं ते झालंच. कायदा करणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. म्हणूनच त्याच कायद्याच्या शेवटी एक कलम आहे: नुकसानभरपाईसाठी दावा करण्याचा शेतकऱ्याचा हक्क या कायद्याने जात नाही. दंड वेगळा आणि भरपाई वेगळी. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीबद्दल जो काही कायदा आपल्याकडे आहे, तो सगळा या दोन वाटांनी चालतो. आपल्याकडची निम्मी भांडणं चुकीच्या वाटेवर जाऊन थकतात, असं माझं मत आहे.

गावात घडतं ते असं. "भाऊ, तुमच्या ढोरायनं माह्या हरभऱ्याचं वाटोळं केलं," इथून सुरुवात होते. समोरचा आधी म्हणतो, ती ढोरं माही नोहोत. मग म्हणतो, गुराख्याचं लक्ष नव्हतं. मग आवाज चढतात आणि दोघेही पोलीस ठाण्यात. ठाण्यात अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होते, हातात एनसीची प्रत मिळते आणि कास्तकार घरी येतो या समजुतीने की आता साहेब पैसे काढून देतील. पोलीस पैसे काढून देत नाहीत. तो त्यांचा अधिकारच नाही.

फौजदारी कायद्यात या गुन्ह्याला आगळीक म्हणतात. १८६० च्या भारतीय दंड संहितेत आगळिकीची व्याख्या समजावून सांगणारी उदाहरणं दिली होती. त्यातलं एक थेट आपल्या धुऱ्यावरचं आहे: एकाने दुसऱ्याच्या पिकाचं नुकसान व्हावं या हेतूने, किंवा ते होणार हे माहीत असून, त्याच्या शेतात गुरं घातली, ही आगळीक. नव्या भारतीय न्याय संहितेत, कलम ३२४ खाली, ते उदाहरण तसंच आलं आहे. त्यातला 'घातली' हा शब्द महत्त्वाचा. दावं तोडून म्हैस रात्री शेजारच्या तुरीत गेली तर मालकाचा हेतूही नव्हता आणि त्याला ठाऊकही नव्हतं. तो गुन्हा नाही. भरपाईची जबाबदारी मात्र त्यामुळे संपत नाही. गुरं सांभाळायची ती गुरंवाल्याने, वावरवाल्याने कुंपण घातलं नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही.

शिक्षेच्या बाबतीत मोठा बदल १ जुलै २०२४ ला झाला आणि त्याची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. जुन्या संहितेत पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होती. पन्नास रुपयांची ही रेघ १८६० पासून २०२४ पर्यंत जागची हलली नाही. १८६० साली पन्नास रुपये म्हणजे मोठी रक्कम होती. अलीकडे तेवढ्यात मोटरसायकलचा आरसाही येत नसे. आता पायऱ्या नव्या आहेत. साध्या आगळिकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. वीस हजार ते एक लाखाच्या आतलं नुकसान असेल तर दोन वर्षांपर्यंत. एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान असेल तर एक वर्षापर्यंत. म्हणजे किती नुकसान झालं हा प्रश्न आता पहिल्या दिवसापासून निर्णायक झाला. पंचनाम्यात 'अंदाजे पंधरा हजार' लिहिलं की पंचवीस, यावर कलमाचा भाग बदलतो. आणि पंचनामा लिहिणाऱ्याला हरभऱ्याचा एकरी उतारा माहीत असेलच असं नाही.

आग लावणं ही वेगळीच पायरी. आगीने शेतमालाचं नुकसान केलं तर सात वर्षांपर्यंत कैद, राहत्या घराला आग लावली तर दहा वर्षं किंवा जन्मठेपही. सोयाबीन कापून वावरात गंजी घातली की राखण करणाऱ्याची झोप उडते. रात्रीतून गंजी पेटल्याच्या बातम्या वऱ्हाडात दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे येतात. हेतू सिद्ध झाला तर हा गंभीर गुन्हा आहे, पण रात्री दोन वाजता काडी कोणी लावली याचा साक्षीदार सापडत नाही. मागच्या वर्षीचं धुऱ्याचं भांडण हा पुरावा नसतो, ती फक्त शंका असते. फौजदारी न्यायालयाला शंका चालत नाही.

याउलट उन्हाळ्यात धुऱ्यावरचा कचरा किंवा उपटलेली पऱ्हाटी पेटवताना वारा फिरला आणि शेजारच्या संत्र्याच्या बागेची एक रांग भाजली, तर हेतू शोधण्याची गरज नाही. दिवाणी न्यायालय एवढंच विचारतं की शहाण्या माणसाने घेतली असती तेवढी काळजी घेतली होती का. भर दुपारी, वारा सुटलेला, पाण्याची टाकी जवळ नाही, शेजाऱ्याला सांगितलेलं नाही. यातलं काहीही निष्काळजीपणा दाखवायला पुरेसं आहे. काडी सालदाराने लावली असेल तरी सुटका नाही. सालदार मालकाच्या कामावर असताना, त्या कामाच्या ओघात जे नुकसान करतो त्याला मालक जबाबदार असतो. "मी तर अमरावतीला होतो" हे उत्तर इथे चालत नाही. सालदार मात्र स्वतःचं वैर काढायला गेला असेल तर ते त्याच्या अंगावर. याच्या शेजारचा एक गैरसमज असा की पोराने नुकसान केलं की बाप आपोआप जबाबदार. पोर हे नोकर नव्हे. बापाने स्वतः हलगर्जी केली असेल, दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ट्रॅक्टर दिला असेल, तर गोष्ट निराळी.

आगीवरून मूर्तिजापूर-अचलपूर रेल्वे आठवते. शकुंतला. सुमारे ७६ किलोमीटरची ही अरुंद रुळांची गाडी कापूस वाहण्यासाठी आली आणि १९९४ च्या एप्रिलपर्यंत मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनावर धावली. वाफेचं इंजिन म्हणजे ठिणग्या, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत. इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर १८६० साली निकाल लागला होता. टॅफ व्हेल रेल्वेच्या ठिणगीने एकाची झाडी जळली. कंपनीने ठिणग्या अडवायची तेव्हाची उत्तम सोय केली होती आणि संसदेनेच तिला गाडी चालवायची परवानगी दिली होती, म्हणून ती सुटली. निष्काळजीपणा नाही तर भरपाई नाही. शेतकऱ्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. अखेर १९०५ साली तिथल्या संसदेने कायदा करून इंजिनाच्या ठिणगीने जळलेल्या पिकाची भरपाई, शंभर पौंडांच्या आत, कंपनीची चूक असो वा नसो, देण्याची तजवीज केली. पंचेचाळीस वर्षं लागली.

चूक नसतानाही जबाबदारी, हा विचार कायद्यात मुळात गुरांमुळेच रुजला. १८६० मध्ये लँकेशायरमध्ये जॉन रायलँड्सने गिरणीसाठी तलाव बांधून घेतला. ठेकेदाराला खाली जुन्या, बुजलेल्या खाणीचे उभे बोगदे लागले, त्याने ते नीट बुजवले नाहीत. तलाव भरला आणि पाणी थॉमस फ्लेचरच्या खाणीत शिरलं. रायलँड्सची स्वतःची चूक काहीच नव्हती. तरी १८६६ साली न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी त्याला जबाबदार धरलं. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: शेजाऱ्याची सुटलेली गुरं ज्याचं गवत-धान्य खातात त्याला भरपाई मिळते, तर शेजाऱ्याच्या तलावाचं सुटलेलं पाणी ज्याची खाण बुडवतं त्याला का मिळू नये? निसटलं तर नुकसान करेल अशी वस्तू जमिनीवर आणून साठवायची, तर ती निसटण्याचा धोका आणणाऱ्याने सोसायचा. १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने हा निकाल कायम केला.

हिंदुस्थानात मात्र तो जसाच्या तसा लावला गेला नाही, आणि यात मला इंग्रज न्यायाधीशांचं कौतुक वाटतं. कार्वेतनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीने फुटून मद्रास रेल्वेचं नुकसान झालं. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की इथे तलाव ही चैन नाही, शेतीचा प्राण आहे. तो राखणं जमीनदाराचं कर्तव्यच असतं, आणि त्याने हलगर्जी केली नसेल तर भरपाई नाही. पण हलगर्जी झाली की नाही हे शेतकऱ्याने कसं दाखवायचं? कालवा फुटला तेव्हा आत काय बिघडलं होतं हे त्याला कुठून कळणार? पंजाबात कालवा फुटून शेत बुडाल्याच्या प्रकरणात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अडचण सोडवली. नीट सांभाळलेला कालवा असा फुटत नाही. फुटला याचाच अर्थ कुणीतरी दुर्लक्ष केलं, आणि तसं नाही हे आता सरकारने दाखवावं. सापन किंवा पूर्णा प्रकल्पाच्या पाण्यावर ज्यांची बागायत आहे त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. सरकारविरुद्ध दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हेही.

विजेच्या बाबतीत न्यायालय आणखी कडक आहे. मध्य प्रदेश वीज मंडळाच्या तुटलेल्या तारेला लागून एक माणूस दगावला, त्या प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने मंडळाला चूक न शोधताच जबाबदार धरलं. कुणीतरी आकडा टाकला होता, ही सबब ऐकली नाही. लोंबकळत्या तारा एकमेकींना घासून खाली गव्हात ठिणगी पडते तेव्हा हेच तत्त्व कामी येतं, फक्त विद्युत निरीक्षकाचा अहवाल लवकर मागवायला हवा. आणि वीजवाहिनी दुसऱ्याची असली तरी तारेच्या कुंपणात थेट करंट सोडणाऱ्याने हा नियम उलटा वाचावा. रानडुक्कर आणि रोही यांनी जीव नकोसा केला आहे हे खरं, पण थेट विजेचं कुंपण हा गुन्हा आहे आणि त्यात रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी मेला तर भाषा भरपाईची उरत नाही. वावरात शिरली म्हणून पकडलेल्या गायीला मारून टाकणं किंवा पंगू करणं यालाही पाच वर्षांपर्यंत कैद आहे. गुरं धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्याकडे पाठवा, एवढीच मुभा १८७१ च्या कायद्याने दिली होती. धरलेली गुरं बळजबरीने सोडवून नेणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली होती.

अलीकडे एक नवा तंटा वाढतो आहे. शेजाऱ्याने धुऱ्यावर किंवा ज्वारीत टू-फोर-डी हे तणनाशक फवारलं, वाऱ्याबरोबर त्याचे तुषार इकडे आले आणि चार-पाच दिवसांत कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरकी, अरुंद झाली. कपाशी या रसायनाला कमालीची नाजूक आहे, फार थोड्या मात्रेनेही ती आखडते. फवारणारा म्हणतो, मी तर माझ्याच वावरात फवारलं. हे उत्तर निरुपयोगी आहे. हद्द ओलांडली ती औषधाने, आणि वाऱ्यात फवारू नये असं लेबलवर छापलेलं असतं. अडचण एकच, ही लक्षणं विषाणूच्या रोगाशी किंवा दुसऱ्या औषधाच्या चुकीशी गल्लत करायला सोपी असतात. म्हणून कृषी खात्याच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला पानं ताजी असताना दाखवायची, नंतर नव्हे. पीकविम्याचा भरवसा इथे धरू नये. दुष्टाव्याने केलेलं आणि टाळता येण्यासारखं नुकसान विम्यातून वगळलेलं असतं.

गावाबाहेर, शहरात, एकाच्या जागी जमाव असतो तेव्हा नाव कुणाचं घ्यायचं? नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दुकानं फोडली गेली, एप्रिल २०२२ मध्ये अचलपूर-परतवाड्यात दगडफेकीनंतर संचारबंदी लागली. दुकानदाराला दगड मारणाऱ्याचं नाव माहीत नसतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५१ मध्ये यासाठी तरतूद आहे: बेकायदा जमावाने केलेल्या नुकसानीची रक्कम जिल्हा दंडाधिकारी ठरवतो आणि ती त्या भागातल्या रहिवाशांकडून वसूल होऊ शकते. निरपराध शेजाऱ्याच्या खिशातून पैसे काढणारं हे कलम मला आवडत नाही. त्यापेक्षा मुंबई उच्च न्यायालयाची वाट सरळ होती. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदसाठी २००४ साली न्यायालयाने शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी वीस लाख रुपये भरायला लावले. बंद पुकारणाऱ्याने त्याची किंमत द्यावी. १६ एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने देशासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यानुसार उच्च न्यायालयाने दावा आयुक्त नेमायचा, हिंसेचा नुकसानीशी संबंध जुळला की जबाबदारी निरपवाद, आणि ती प्रत्यक्ष तोडफोड करणाऱ्याबरोबर चिथावणाऱ्या संघटनेवरही. शिक्षा म्हणून प्रत्यक्ष नुकसानीच्या दुपटीपर्यंत वाढीव रक्कमही लावता येते. न्यायमूर्ती के. टी. थॉमस आणि फली नरिमन यांच्या दोन समित्यांनी या तत्त्वांची मांडणी केली होती.

पुन्हा वावरात येतो, कारण खरी लढाई तिथे आकड्यांची आहे. दिवाणी दाव्यात पूर्ण निःसंशय पुरावा लागत नाही, कोणाचं म्हणणं अधिक संभवनीय ते पाहतात. तरी रक्कम सांगावी लागते, आणि ती हवेत सांगून चालत नाही. उभ्या पिकाचं नुकसान म्हणजे बियाणं-खताचा खर्च नव्हे. ते पीक हाती आलं असतं तर जे मिळालं असतं, त्यातून वाचलेला काढणी-मळणीचा खर्च वजा करून जे उरतं, ते. म्हणून सातबाऱ्यावर त्या हंगामातला पीकपेरा नोंदलेला हवा (ई-पीक पाहणी ऑगस्ट २०२१ पासून आपल्याच मोबाईलवरून करायची असते, आणि कित्येकजण ती टाळतात), शेजारच्या तशाच वावराचा उतारा हवा, आणि त्या आठवड्यातला अचलपूर बाजार समितीचा भाव हवा. संत्र्याच्या झाडाचा हिशोब याहून किचकट. पाच वर्षं वाढवलेलं झाड मेलं की एक बहार जात नाही, नवं झाड फळावर येईपर्यंतची सगळी वर्षं जातात. मोबाईलवर फोटो सगळेच काढतात, पण ते न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. फोटो काढलेला मोबाईल विकून टाकला असेल तर उलटतपासणीत विरुद्ध बाजूचा वकील तिथेच बोट ठेवतो.

मुदत तीन वर्षांची. वर्षभर बैठकी, मग तंटामुक्ती समिती, मग निवडणूक, मग पेरणी, असं करत ती संपते. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना २००७ मध्ये सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीम चांगली होती, पण समितीतली तोंडी तडजोड मुदत थांबवत नाही. तडजोड झालीच तर ती लोकअदालतीत नोंदवावी. तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही, आणि दावा आधीच दाखल असेल तर भरलेलं कोर्ट-शुल्क परत मिळतं. फौजदारी बाजूलाही, नुकसान फक्त खासगी माणसाचं असेल तर साधी आगळीक आपसात मिटवता येते. कैदेची भीती घालून भरपाई पदरात पाडायची, असा बरेच वकील सल्ला देतात. कधी कधी तो लागूही पडतो. पण समोरचा खमक्या निघाला आणि तीन वर्षं फौजदारी तारखांतच गेली, तर दिवाणी वाट बंद झालेली असते.

आणि हुकूमनामा मिळाल्यावर? वसुलीची दरखास्त बारा वर्षांपर्यंत लावता येते. पण काय जप्त करायचं याला मर्यादा आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० सांगतं की देणेकरी शेतकरी असेल तर शेतीची अवजारं, बियाणं आणि त्याच्या उदरनिर्वाहाला लागणारी गुरं जप्त करता येत नाहीत. तुमचा हरभरा खाणारी बैलजोडी बहुतेक वेळा याच सवलतीत बसते. जप्ती लागू शकते ती त्याच्या बँकेतल्या पैशांवर, मोटरसायकलवर, किंवा तूर विकल्यावर अडत्याकडून त्याला यायच्या असलेल्या रकमेवर. आणि ती लावायची तर त्याची तूर कोणत्या अडत्याकडे जाते हे दरखास्तीत लिहावं लागतं.